‘कोण गं ती?’ – माणसाची ओळख सांगताना



मागच्या अंकात आपण बैठकीचं इतिवृत्त कसं लिहायचं ते पाहिलं. या वेळचा धडा हिशेबाचा नाही, पण गट टिकण्याशी त्याचा संबंध हिशेबाइतकाच आहे. विषय रोजचाच आहे. एखादी बाई कोण हे दुसऱ्याला सांगताना आपण पटकन तिची जात सांगतो, रंग सांगतो, ती विधवा आहे हे सांगतो. असं सांगणं म्हणजे तिचा अपमान का? की ती नुसती माहिती?

समाजकार्याचं शिक्षण घेताना या विषयावर मी परीक्षेत उत्तरं लिहिली होती, मार्कही चांगले पडले होते. पण प्रश्न खरा कळला तो माझ्या हातून चूक झाल्यावर. म्हणून आधी ती चूकच सांगते.

माझी चूक

गेल्या वर्षी एका गावात ग्रामसंघाची बैठक होती. बँक कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. मी आत टेबलापाशी, बाहेर ओट्यावर तीस-पस्तीस जणी बसलेल्या. त्यातल्या एका गटात एकाच नावाच्या दोन ताई आहेत आणि दोघींचं आडनावही एकच. आपल्याकडे पवार, जाधव, गायकवाड अशी आडनावं कितीतरी समाजांत असतात, तसंच ते. मी नाव पुकारलं, तर नको त्या ताई उठून आल्या. चारची एसटी गाठायची घाई होती. मी दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं, “अहो तुम्ही नाही, ती दुसरी. एससीतली, विधवा आहे बघा, ती. तिला पाठवा.”

त्या आल्या, सही केली, गेल्या. मला काही जाणवलंही नाही.

पुढच्या महिन्यात त्या बैठकीला नव्हत्या. बचतीचे पैसे मुलीच्या हातून आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी सीआरपी ताईंना विचारलं, “आजारी आहेत का?” त्या म्हणाल्या, “आजारी नाही मॅडम. तुम्ही त्या दिवशी बोललात ना, ते लागलंय तिला.”

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी बसायला दिलं, चहा केला. मग म्हणाल्या, “कागदावर लिवा की मॅडम, तिथं मला काय वाटत नाही. त्या दाखल्यावरच पोरीची स्कॉलरशिप येती. माझी पेन्शन पण विधवा म्हणूनच येती. पण तुम्ही हाक मारली. समद्या वळून माझ्याकडं बघाय लागल्या. आठ वर्सं झाली गटात. दोन कर्जं घेतली, दोन्ही फेडली, हप्ता एक चुकला नाही. त्यातलं काय बी तुम्हाला आठवलं नाही का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला त्यांच्याबद्दल या सगळ्या गोष्टी माहीत होत्या. त्यांचं कर्जखातं मीच तपासलं होतं. तरी तोंडातून निघालं ते जात आणि नवरा नसणं, एवढंच.

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं

हा विषय मी नंतर चार-पाच गटांत मांडला. दोन तऱ्हेची उत्तरं मिळाली.

काही ताई म्हणाल्या, “जात आहे तर आहे. खरं तेच सांगितलं. खऱ्याला अपमान कसा म्हणायचा?” दुसऱ्या म्हणाल्या, “जातीचा शब्द तोंडातून काढूच नये. सगळी माणसंच.”

दुसरं उत्तर ऐकायला छान वाटतं. पण विचार करा. जात कुठेच लिहायची नाही असं ठरवलं, तर आपल्या ग्रामसंघात अनुसूचित जाती-जमातीच्या, भटक्या-विमुक्तांच्या किती जणी आहेत ते कळणार कसं? वस्तीतलं एक घर गटाबाहेर राहिलं, तर ते का राहिलं हे कोण विचारणार? शिष्यवृत्ती, घरकुल, राखीव जागा, सगळीकडे ही नोंद लागते. पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घेणार असं केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, तेही माहिती लागते म्हणूनच. जातीमुळे भेद होतो हे दाखवायचं असेल, तर जातीचं नाव घ्यावंच लागतं.

आणि पहिलं उत्तर? खरी गोष्ट सांगितली की अपमान होत नाही, हे काही बरोबर नाही. समजा एखादीच्या नवऱ्याला दारूचं व्यसन आहे. ते खरं आहे. पण दर वेळी तिला हाक मारताना “दारुड्याची बायको” म्हटलं तर? खरं असलं म्हणून ते प्रत्येक ठिकाणी बोलायचं असं नसतं.

म्हणजे शब्द नुसता चांगला की वाईट हे विचारून भागत नाही. तो शब्द तिथे काय काम करतोय ते बघावं लागतं.

शब्द तोच, काम वेगळं

काही उदाहरणं बघू.

शाळेच्या फॉर्मवर जातीचा रकाना असतो. त्यामुळे मुलीला शिष्यवृत्ती मिळते. तसाच जातीचा रकाना तुरुंगाच्या रजिस्टरमध्येही असायचा. पण तिथे अनेक ठिकाणी जात बघून कामं वाटली जायची. स्वयंपाक कोणी करायचा आणि झाडलोट, संडास सफाई कोणी करायची हे जातीवर ठरायचं. सुकन्या शांता या पत्रकार ताईंनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने अशी वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. बघा, रकाना एकाच नावाचा. एक दार उघडतो, दुसरा माणसाच्या हातात झाडू देतो.

दुसरं उदाहरण आपल्या धंद्यातलं. प्रदर्शनात स्टॉल लावला की “आगरी-कोळी मसाला” असा फलक लागतो. वारली चित्रं वारली म्हणूनच विकली जातात. त्या कलेसाठी जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे समाजाचं नाव मानाने लावलेलं आहे, कारण ते त्या लोकांनी स्वतः लावलंय, आपल्या हातच्या कामावर लावलंय. पण त्याच स्टॉलवरच्या बाईला गिऱ्हाईक म्हणालं, “ए कोळणी, इकडे बघ,” तर तिला कसं वाटेल?

तिसरं उदाहरण जुनं आहे, पण मला फार आवडतं. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. तिने निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. निबंधाचा विषय होता मांग-महारांचं दुःख. तिने आपल्या समाजाचं नाव लपवलं नाही, उलट शीर्षकातच घातलं. तेच नाव दुसरे लोक तिला दूर ठेवायला वापरत होते. तिने ते आपलं म्हणणं मांडायला वापरलं.

म्हणजे स्वतःहून सांगितलेली ओळख वेगळी आणि दुसऱ्याने चिकटवलेली ओळख वेगळी. म्हणूनच एखादी ताई स्वतःबद्दल जो शब्द वापरते, तो आपणही तिच्याबद्दल वापरावाच असं नाही.

कुणाबद्दल सांगतो, कुणाबद्दल सांगत नाही

आता थोडं आपल्या बोलण्याकडे बघा. “ती सवाशीण बाई आहे बघा, ती” असं म्हणून आपण कुणाची ओळख करून देतो का? “ती वरच्या जातीची, गोरी, दोन्ही पाय धड असलेली” असं म्हणतो का? नाही. त्या ताईची ओळख “ग्रामसंघाच्या सचिव” नाही तर “गिरणीवाल्या ताई” अशी होते. जात, रंग, विधवापण, अपंगत्व हे आपण काही जणींचंच सांगतो. बाकीच्यांना नाव असतं आणि यांना नुसता शिक्का.

त्या दिवशी माझं हेच झालं. दोघींचं नाव एकच होतं. पण जात मी एकीचीच सांगितली. दुसरीचीही जात आहे की! ती सांगावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बाईपणाचंही असंच आहे. पुरुष सरपंचाला कुणी “जेन्ट्स सरपंच” म्हणत नाही. बाई असली की “लेडीज सरपंच”. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी ऐकू येतं, “ती काय, आरक्षणाची बाई.” या चार शब्दांत काय काय भरलंय बघा. ती बाई आहे म्हणून कमी, राखीव जागेवरची आहे म्हणून आणखी कमी आणि निवडून आली ते तिचं कर्तृत्व नाही असंही त्यातच आलं. जात आणि बाईपण असं एकत्र आलं की मार दुप्पट बसतो. राखीव जागेवरही मतं मागावीच लागतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

शब्दाला इतिहास असतो

काही जणी म्हणतात, “आमच्या मनात तसं काही नसतं हो, पूर्वीपासून तसंच म्हणतो.” मनात नसेलही. पण शब्द आपल्या आधी पुष्कळ जगलेला असतो. ऐकणाऱ्या बाईला तो सगळा इतिहास ऐकू येतो.

पारधी समाजाचं बघा. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारायला सुरुवात केली. पुढे पारधी समाजावरही तो बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, म्हणून अशा जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली. पण गावात चोरी झाली की अजून कुणीतरी म्हणतंच, “सकाळी एक पारधीण फिरत होती.” बोलणारी म्हणेल, मी फक्त पाहिलं ते सांगितलं. पण त्या दिवशी गावातून भाजीवाली गेली, पोस्टमन गेला, दुधाची गाडी गेली. त्यांच्यातलं कुणी आठवलं नाही. आणि त्या एका वाक्यावरून एखाद्या घरातला माणूस पोलीस उचलून नेऊ शकतात. इथे शब्द नुसता लागत नाही, त्याने माणसाचं नुकसान होतं.

वस्त्यांचंही तसंच. महारवाडा, मांगवाडा अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. तुमच्या गावात पाटी बदलली असेल. पण बोलण्यात बदललं का? आणि त्याहून महत्त्वाचं, पाटी बदलल्यावर तिथे नळ आला का, रस्ता झाला का, हेही विचारायला हवं.

आता विधवा या शब्दाबद्दल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव तुम्ही ऐकलं असेल. मे २०२२ मध्ये त्या गावाने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. हा प्रथेतला बदल होता. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, वेगळाच प्रस्ताव पुढे आला. विधवा या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं, असा. त्यावर पुष्कळ टीका झाली. जुन्या लग्नपत्रिकांवर ‘गं. भा.’ असं छापलेलं आपण पाहिलंय. नाव पवित्र आहे, पण त्या दोन अक्षरांवरून सगळ्यांना कळायचं की हिचा नवरा नाही. शिक्का सोन्याचा केला तरी तो शिक्काच. आता पुष्कळ जणी ‘एकल महिला’ असं म्हणतात. त्यात घटस्फोटित, सोडून दिलेल्या, लग्न न केलेल्या अशा सगळ्या येतात.

अपंगत्वाचंही तेच. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ शब्द आहे. हा शब्द काही जणींना आवडतो, काही जणींना नाही. पण “लंगडी”, “बहिरी” अशी हाक कुणालाच आवडत नाही, एवढं नक्की. कुठला शब्द वापरायचा हे जिचं तिला विचारावं. विचारण्याने आपण लहान होत नाही.

आपल्यालाही कुणीतरी नाव ठेवतं

ही गोष्ट दुसऱ्यांचीच आहे असं समजू नका. आपली पोरं मुंबईला कामाला जातात तेव्हा त्यांना “घाटी” म्हणतात. ऊसतोडीला गेलेल्या ताईंना विचारा, तिथे त्यांना नावाने किती जण हाक मारतात? पूर्ण हंगाम त्या “तोडवाली” असतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणी घरी गटाच्या अध्यक्ष असतील, पण फडात ते कुणाला माहीत नसतं.

आपल्या मुली नर्सिंगला, कंपनीत कामाला पुण्याला जातात. तिथे त्यांच्याबरोबर मणिपूर, नागालँड, अरुणाचलच्या मुली असतात. चेहरा वेगळा दिसतो म्हणून त्यांना लोक “चिनी” म्हणतात. त्या आपल्यासारख्याच भारतीय आहेत. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया नावाचा तरुण असाच चिडवण्यावरून झालेल्या मारहाणीनंतर गेला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली होती. सुरुवात चिडवण्यापासून झाली होती, हे लक्षात ठेवा. आपल्या मुलींना जाताना डबा बांधून देतो, तसं हेही सांगून पाठवा.

बोलण्याआधी पाच प्रश्न

प्रत्येक वेळी एवढा विचार करत कोण बसणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणून पाच सोपे प्रश्न देते. सवय झाली की क्षणभरसुद्धा लागत नाही.

१. गरज आहे का? जत्रेत मुलगी हरवली तर रंग, उंची, कपडे सगळं सांगावंच लागतं. पोलिसांच्या पत्रकात “रंग सावळा, उंची पाच फूट” असं लिहितात, त्याचा कुणाला राग येत नाही, कारण त्याने माणूस सापडतो. पण हप्ता कुणी भरला हे सांगताना रंगाचं काय काम?

२. दुसरी असती तर हेच सांगितलं असतं का? तिच्या जागी दुसऱ्या समाजाची ताई असती, तर तिचीही जात सांगितली असती का? उत्तर “नाही” असेल, तर हिचीही सांगू नका.

३. ती समोर असती तर असंच बोलले असते का? पाठीमागे जो शब्द वापरतो आणि ती दिसली की गिळतो, तो शब्द आपल्यालाच चुकीचा वाटत असतो.

४. तिला स्वतःला कोणता शब्द चालतो? माहीत नसेल तर विचारा, तेही चारचौघींत नाही, बाजूला घेऊन.

५. हे सांगितल्याने तिचं काही जाणार आहे का? काम, भाड्याची खोली, कर्ज, इज्जत? जाणार असेल तर गप्प बसणं बरं.

यातले पहिले दोन प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारले असते, तरी पुरलं असतं.

मग ओळख सांगायची कशी?

अडचण खरी आहे. एकाच नावाच्या दोघी-तिघी प्रत्येक गटात असतात. त्यावर मार्ग आपल्या रजिस्टरमध्येच आहे.

– सदस्य क्रमांक वापरा. “सात नंबरच्या ताई” म्हटलं की प्रश्न मिटला.
– काम सांगा. शेळ्यावाल्या ताई, शिलाईवाल्या ताई, अंगणवाडीच्या मदतनीस.
– पद सांगा. मागच्या वर्षीच्या कोषाध्यक्ष.
– जागा सांगा, पण वस्तीच्या नव्या नावाने. शाळेच्या मागच्या, समतानगरच्या.
– त्या क्षणाचं काही सांगा. हिरव्या साडीतल्या, खिडकीपाशी बसलेल्या.
– “अमक्याची बायको” असं शक्यतो नको. बचत तिची आहे, सही तिची आहे, मग ओळखही तिचीच असावी.

लेखापाल ताईंसाठी खास सूचना. प्रवर्गाची माहिती नोंदवहीत जरूर भरा, पण भर बैठकीत मोठ्याने विचारू नका. एकेकीला जवळ बोलावून विचारा. आणि ती वही सगळ्यांच्या हातात फिरू देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगते. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, या समाजांबाहेरच्या व्यक्तीने अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीवरून शिवीगाळ करणं किंवा मानखंडना करण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे. फॉर्म भरताना जात विचारली, तर तो गुन्हा होत नाही. पण भांडणात जात काढली आणि वर “मी सहज बोलले” म्हटलं, की सुटका होईलच असं समजू नका. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. माहिती आणि मदतीसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. अशी तक्रार घेऊन कुणी आली, तर “गावातलं गावात मिटवू, गट फुटेल” असं म्हणून तिला गप्प बसवू नका. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. आपण तिच्याबरोबर जायचं.

चूक झाली तर

चूक आपल्या सगळ्यांकडून होणार. मग काय करायचं?

जिथे बोललो तिथेच माफी मागायची. अपमान तीस जणींपुढे आणि माफी घरात चहा पिताना, हे काही बरोबर नाही. माफी छोटी असावी. “माझ्या मनात तसं नव्हतं” हे वाक्य टाळा, कारण मग तिलाच आपली समजूत काढावी लागते. आणि तिने लगेच “असू दे” म्हणावं अशी अपेक्षा ठेवू नका.

मी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, “मागे सह्यांच्या दिवशी मी या ताईंची ओळख त्यांच्या जातीवरून आणि त्यांचे मिस्टर नाहीत यावरून सांगितली. ते चुकलं. त्यांचा सदस्य क्रमांक सात आहे आणि त्यांनी दोन कर्जं एकही हप्ता न चुकवता फेडली आहेत. मी त्यांची माफी मागते.” खरं सांगते, पाय थरथरत होते. सगळ्या गप्प. मी बोलावलं म्हणून त्या त्या दिवशी आल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. पुढचा विषय घ्या.”

त्यानंतर त्या नियमित येतात. या वर्षी त्यांनी शेळ्यांसाठी तिसरं कर्ज घेतलं. पण एक बदललं. पूर्वी त्या मला “पोरी” म्हणायच्या. आता “मॅडम” म्हणतात. मला कळतं ते.

पुढच्या बैठकीत हे करून बघा (२० मिनिटं)

प्रत्येकीने आपल्या उजवीकडच्या ताईची ओळख तीन वाक्यांत करून द्यायची. अट एकच: जात, रंग, नवरा, मुलं यांपैकी काहीही सांगायचं नाही. काही जणी अडतील. आठ-दहा वर्षं शेजारी बसून आपल्याला एकमेकींबद्दल किती कमी माहीत आहे, ते तेव्हा कळेल. अडलं तर त्या ताईलाच विचारा.

मग या प्रश्नांवर बोला:

१. तुम्हाला कधी कुणी तुमच्या नावाऐवजी दुसऱ्या कशावरून ओळखलं का? तेव्हा काय वाटलं? (सांगायची सक्ती कुणालाही नको.)
२. आपल्या गावात कोणत्या वस्तीला अजून जुन्या नावाने ओळखतात? आपण गटापुरतं तरी ते बदलू शकतो का?
३. आपल्या गटात एकाच नावाच्या किती जणी आहेत? त्यांना कसं पुकारायचं ते आजच ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.

जे ठरेल ते सीआरपी ताईंकडे कळवा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला प्रत्येक गटाकडून हवं आहे. पुढच्या भेटीत मी इतिवृत्त बघणार आहे, आणि नाव पुकारताना माझी जीभ घसरली तर तुम्ही मला तिथेच टोकायचं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक